सगळे हात वर

चिमणाबाईच्या वर्गात पहिल्यांदा जाऊन बसले तेव्हा मला वाटलं, ही मुलं आहेत का मातीच्या कुंड्या? प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना खाली. चिमणाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. आवाज चिमणीएवढा म्हणून मी ठेवलेलं, आणि माझ्या तोंडाला कुलूप नसल्यामुळे ते शाळाभर झालेलं. तिची नोकरी नवी होती. वर्ष संपताना तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मोठे सर ठरवणार होते. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. आणि इथे मुलं तोंड उघडायला तयार नाहीत.

माझं काम शिक्षकांना शिकवायचं. मागच्या बाकावर बसायचं, कोण बोलतं, कोण बोलत नाही ते बघायचं आणि मग मधल्या सुट्टीत बाईंना चहाबरोबर दोन गोष्टी सांगायच्या. बऱ्याच शाळांत फिरते मी. भाषा मुलांच्या कानात नुसती ओतून येत नाही, ती त्यांच्या तोंडातून बाहेर पडावी लागते; उद्या मोठेपणी चारचौघांत उभं राहून आपलं म्हणणं सांगता आलं नाही तर शिकून उपयोग काय, वगैरे वगैरे. हे मी इतक्यांदा बोलले आहे की आमचे हे घरी माझी नक्कल करतात. आणि या सगळ्यावर माझ्याकडे एक हुकमी युक्ती होती.

युक्ती अशी. बाईंनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. हो, सगळ्यांनी. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. बाईंनी फक्त उजव्या हातवाल्यांना विचारायचं. हे गुपित वर्गाचं आणि बाईंचं. बाहेर कुणाला सांगायचं नाही. ज्याला येत नाही त्याची शोभा होत नाही, तोही सगळ्यांबरोबर हात वर करून बसतो, आणि आज ना उद्या त्याच्या डाव्याचा उजवा होतोच. शिवाय पाहुणे आले की बघतच राहतात. प्रश्न विचारायचा अवकाश, वर्गात एक हात खाली नाही!

"पण बाई, हे फसवणं नाही का?" चिमणाबाईनं विचारलं होतं.

"कुणाला फसवतेस? पाहुण्यांना? अगं, ते फसायलाच येतात," मी म्हणाले.

ती हसली आणि तिनं युक्ती लावली. मुलांना गुपित फार आवडलं. आधी भिऊन डावे हात वर यायचे, मग एकेक उजवा यायला लागला. कोण बोलायला लागलं, कोण भांडायला लागलं, कुंड्यांना पालवी फुटली म्हणायची. मोठ्या सरांनी माझी पाठ थोपटली. मी वर वर "छे हो, सगळे तिचेच कष्ट" म्हणाले आणि आतून फुगले. खोटं कशाला बोलू?

मग ती मुलगी आली. वर्ष सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. आई दुसऱ्या गावाहून कामासाठी आलेली, घरी बोलायची भाषा वेगळी. कोपऱ्यात, खिडकीच्या बाजूला एकच जागा रिकामी होती, तिथे ती बसली. अंगानं बारीक, डोळे मात्र टपोरे. अक्षर वेडंवाकडं, लिहायला वेळ लागायचा. मुलं काय, वस्ताद. त्यांनी चार दिवसांत तिचं नाव मुकी पाडलं. चिमणाबाई त्यांना रागावली, पण नाव चिकटायचं ते चिकटलंच.

मी मागून बघत होते. प्रश्न आला की बहुतेक वेळा कोपऱ्यातून तिचा हात वर जायचा. डावा. ताठ, खांद्यातून ओढून, बोटं छताला लागतील इतका. चिमणाबाई तिच्याकडे बघायची, गोड हसायची आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारायची.

"बरोबर करतेस," मी चहा पिताना म्हणाले. "तिला भाषा नवी आहे. ती येत नाही म्हणून सांगते आहे, तर ओढू नकोस तिला. हात वर करते आहे ना, तेच पुष्कळ."

"पण बाई, ती हात वर करते ना, तेव्हा अशी बघते माझ्याकडे..."

"कशी?"

"काय माहीत. मागितल्यासारखी."

"अगं, धीर मागते आहे. हसत जा तिच्याकडे."

आणि चिमणाबाई बिचारी हसत राहिली.

पुढे पुढे तो हात कमी ताठ झाला. मग कोपरातून वाकलेला. मग खांद्याच्या वर जाईना. आणि एक दिवस मी मागे बसले होते तेव्हा सगळ्या वर्गाचे हात वर आणि कोपऱ्यातले दोन्ही हात बाकाखाली. मी मनाशी म्हटलं, ही पोर मिटत चालली. आपल्याला काही केलं पाहिजे.

काय केलं पाहिजे, तेही मीच सांगितलं. या शाळेत मागच्या अंगणापलीकडे एक वेगळी खोली आहे, तिला तयारीचा वर्ग म्हणतात. ज्यांना भाषा येत नाही ती मुलं वर्षभर तिथे बसतात. नाव तयारीचा, पण तिथून निघालेलं मूल पुन्हा आपल्या वर्गात कधी येत नाही. सोबतची मुलं पुढे गेलेली असतात, आणि हे कायम एक पाऊल मागे. पुढे विषय निवडायची वेळ आली की चांगले विषय इतरांना, उरलेसुरले यांना. मला हे माहीत होतं. ठाऊक नसतं तर निदान अडाणी म्हणून सुटले तरी असते.

मोठ्या सरांच्या खोलीत बैठक झाली. सर, चिमणाबाई आणि मी.

"इतक्या दिवसांत एक शब्द नाही," मी म्हणाले. "आता तर हातही वर करत नाही. वर्ग तिला झेपत नाही. तिथे ठेवून आपण तिचे हाल करतोय."

"तुमचं काय मत?" सरांनी चिमणाबाईला विचारलं.

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. "मला वाटतं, थोडं थांबू या का? ती ऐकते सर. सगळं ऐकते. कधीकधी मी गंमत केली तर सगळ्यांच्या आधी ती हसते."

"हसणं आणि बोलणं यात फरक आहे," मी म्हणाले. "माया वेगळी आणि शिकवणं वेगळं."

माझ्या बोलण्यापुढे तिची चिमणी चिवचिव किती टिकणार? ठरलं. सोमवारपासून मुलगी तयारीच्या वर्गात. आईला जाऊन सांगायचं काम मी आपणहून घेतलं. मला म्हणे हे नाजूक बोलणं छान जमतं.

आई शिंप्याचं काम करायची. स्वतःचं दुकान नव्हे. एका मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली कुणीतरी दिलेली जागा, तिथे कपडे उसवून, आखूड करून, चेन बदलून द्यायची. मी गेले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, दोरीवर लटकवलेल्या पँटी, आणि त्यांच्या आडोशाला मुलगी खाली बसलेली. माझ्याकडे पाठ होती तिची. आईनं मला ओळखलं, लगबगीनं उठून स्टूल पुसलं.

"बसा बाई, बसा. पोरीनं काही केलं का?"

"छे, छे. गुणी आहे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. माझं ते नाजूक बोलणं. मुलीला अजून भाषा जमत नाही, वर्गात ती घाबरते, तिच्यासाठी वेगळी खोली आहे, मुलं कमी असतात, तिथे हळूहळू बोलायला लागेल.

आई माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकत होती. मधेच तिनं मशीनवरचं कापड गुंडाळून मांडीवर घेतलं.

"बबी घरी तर तोंडाचा पट्टा चालू ठेवते," ती म्हणाली. "पण शाळेचं तुम्हाला जास्त कळणार. तुम्ही म्हणाल तसं. एवढं इथपर्यंत येऊन सांगितलंत, कोण येतं?"

मला बरं वाटलं. देवाशप्पथ, त्या क्षणी मला बरंच वाटलं.

तेवढ्यात एक जाडा गृहस्थ आला, कोटाची बाही आखूड करायला टाकली होती. आई उठायच्या आत बबी उठली.

"काका, अजून झाली नाही. उद्या या," ती म्हणाली. आमच्या भाषेत. खणखणीत. "अस्तर पण फाटलंय आतून. तसंच ठेवू का शिवू? शिवलं तर परवा मिळेल."

"अगं, काल म्हणालीस आज मिळेल!"

"काल मला अस्तर कुठे दिसलं होतं? तुम्ही पण सांगितलं नाहीत."

गृहस्थ हसायला लागला. "हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. शिव बाई, शिव." आणि गेला.

बबी पुन्हा खाली बसली, आता माझ्याकडे तोंड करून, आणि तिनं मोठी कात्री उचलून लोंबणारे दोरे कापायला घेतले. डाव्या हातानं. दोरा ओढला उजव्यानं, कात्री डाव्यात. सपासप. मग खडू उचलला, डाव्या हातानं. टाचणी काढली, डाव्या हातानं.

"ही..." मी कात्रीकडे बोट दाखवलं. "ही डावखुरी आहे?"

"पक्की," आई म्हणाली. "लिहिते तेवढं उजव्यानं. आधीच्या शाळेत बाईंनी सवय लावली, म्हणून अक्षर तसलं. बाकी जेवण म्हणा, चेंडू म्हणा, सगळं डावं. माझी कात्री हिला हातात बसत नाही, तरी चालवते बघा कशी."

आता काय सांगू? मला तो कोपरा दिसायला लागला. तो ताठ हात. बोटं छताला.

"बबी," मी म्हणाले, "इकडे ये."

ती आली, पण मी शाळेतली बाई आहे हे आठवून लगेच हात मागे गेले, मान खाली.

"वर्गात तू हात वर करायचीस ना, तेव्हा तुला उत्तर यायचं?"

तिनं मान हलवली. हो.

"नेहमी?"

"नेहमी नाही." इतक्या हळू, की मशीन चालू असतं तर ऐकू आलं नसतं. "यायचं तेव्हाच करायचे. नाही यायचं तेव्हा नाही करायचे."

"मग बंद का केलंस?"

तिनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "सांग, बाई विचारतायत."

"बाई माझ्याकडे बघायच्या आणि हसायच्या," बबी म्हणाली. "आणि मग दुसऱ्याला विचारायच्या. रोज. मला वाटलं, माझं बोलणं हसण्यासारखं असेल."

"अगं, असं बोलतात का बाईंबद्दल?" आई रागावली. मग माझ्याकडे वळून, "लहान आहे, मनावर घेऊ नका."

मी मनावर घेऊ नये! मी उठले. तिथल्या तिथे सांगायचं होतं मला, की तुमच्या मुलीचं काही चुकलं नाही, तुमच्या मुलीचा हात आम्ही उलटा वाचला, आणि सोमवारचं ते सगळं विसरा. तोंडापर्यंत आलं. पण ती बाई माझ्यासाठी स्टूल पुसणारी, कोण येतं म्हणणारी, तिच्या तोंडावर मला ते बोलवेना. "येते," म्हणाले आणि निघाले. फटकळ म्हणे मी. दुसऱ्यांना बोलायला फटकळ.

आमचे हे सायकली दुरुस्त करतात. घरी आले तेव्हा ते दारातच एका चाकाचे आरे आवळत बसले होते. मी आल्या आल्या त्यांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "सगळे हात वर! जेवायला काय आहे?" रोजची चेष्टा. मी रडायलाच लागले. त्यांचं चाक हातातून सुटून गोल गोल फिरत राहिलं.

सगळं सांगितलं. ते ऐकून घेतात, हा एक गुण आहे त्यांचा.

"म्हणजे ती पोर रोज सांगत होती मला येतं, आणि तुम्ही रोज समजत होता तिला येत नाही," ते म्हणाले.

"तिला कुणी नियमच सांगितला नाही हो. ती उशिरा आली. बाकीच्यांना तो इतका अंगवळणी पडला होता, आणि गुपित म्हणून कुणी बोलायचं नाही. चिमणीला वाटलं मुलांनी सांगितला असेल, मुलांना वाटलं बाईंनी."

"आणि तुला?"

"मला काहीच वाटलं नाही. मी नुसती खूश होते, सगळे हात वर दिसतायत म्हणून."

"मग आता जाऊन सांग."

"सांगून टाक म्हणणं सोपं आहे! सरांना सांगितलं की सगळं बाहेर येईल. पाहुण्यांना दाखवलेलं सगळं खोटं होतं हे येईल. चिमणीची नोकरी अजून कच्ची आहे. आणि माझं काय? ज्या ज्या शाळेत गेले तिथे तिथे मीच वाटली ही युक्ती, प्रसादासारखी."

ते चाकाकडे बघत म्हणाले, "मुलगी सोमवारी कुठे बसणार आहे?"

मला जेवण गेलं नाही. त्यांनी भात झाकून ठेवला.

सकाळी शाळा भरायच्या आधी मी चिमणाबाईला गाठलं. ती फळा पुसत होती. मी सांगत गेले तसा तिचा हात फळ्यावरच थांबला. तिनं फडकं टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसली.

"मी हसायचे," ती म्हणाली. "बाई, मी रोज हसायचे तिच्याकडे."

"मी सांगितलं म्हणून."

"पण तोंड माझं होतं ना?" तिचा आवाज पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला मी. "मी तुम्हाला म्हणाले होते, थांबू या. तुम्ही मला गप्प केलंत."

बरोबर होतं तिचं. मुलांना बोलतं करणारी मी, आणि तिला बैठकीत एक वाक्य धड बोलू दिलं नव्हतं. मी "चुकलं माझं" म्हणाले. तिनं "असू दे" म्हटलं नाही, आणि न म्हटलं तेच बरं केलं.

"मी सरांना सांगते आहे, युक्ती माझी," मी म्हणाले. "तुझं नाव येऊ देणार नाही."

"वर्ग माझा आहे. मी पण येते," ती म्हणाली.

मोठ्या सरांनी ऐकलं. आधी त्यांना कळेना, मग कळलं तसे कान लाल झाले.

"म्हणजे तो जो सगळा कौतुकसोहळा झाला, लोकांना बोलावून बोलावून मी हा वर्ग दाखवला, ते..."

"हो सर."

"डावे हात?"

"निम्मे तरी डावे. सुरुवातीला जास्तच."

ते खुर्चीत मागे रेलले. माणूस वाईट नाही, पण आपण मूर्ख ठरलो हे कुणाला आवडतं? "तुम्ही या शाळेत पुढे यायचं की नाही, ते मी नंतर बघेन," ते मला म्हणाले. "मुलीचं म्हणाल, तर परवा तुम्हीच छातीठोक सांगत होता वर्ग झेपत नाही. आज सांगताय झेपतो. मी तुमचं परवाचं ऐकू का आजचं? मी स्वतः येऊन बसतो आत्ता. मुलगी वर्गात बोलली तर राहील. नाही बोलली तर सोमवारी तिकडे. विषय संपला."

"सर, असं एका दिवसात..." चिमणाबाई म्हणाली.

"तुमचा सगळा वर्ग एका दिवसात हात वर करायला शिकला होता," सर म्हणाले.

सर मागच्या बाकावर बसले, मुलांच्या बाकात, गुडघे पोटाशी घेऊन. मुलं लगेच सावरून बसली. पाहुणा म्हटला की काय करायचं ते त्यांना पाठ होतं. कोपऱ्यात बबी. माझ्याकडे तिनं एकदाच बघितलं आणि नजर खिडकीबाहेर नेली. काल जिन्याखाली तिनं सगळं ऐकलंच होतं, खोली बदलणार म्हणून. दप्तर तिनं बाकाला अडकवलंच नव्हतं, मांडीवर घेऊन बसली होती.

मी पुढे उभी राहिले.

"मुलांनो, तुमचा तो हाताचा नियम आहे ना, उजव्याचा आणि डाव्याचा..."

"शूऽऽ! बाई!" पहिल्या बाकावरचा एक पोरगा घाबरून कुजबुजला. "मोठे सर बसलेत!"

"बसू देत. त्यांना कळलंय. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा, हा नियम आजपासून बंद. तो चुकीचा होता आणि तो माझा होता. तुमच्या बाईंचा नाही."

"मग येत नसेल तर कोणता हात करायचा?"

"येत नसेल तर हात वर करायचा नाही."

"पण मग सगळ्यांना कळेल ना!"

"कळू दे. मलाही पुष्कळ गोष्टी येत नाहीत. कालच कळलं."

मुलं हसली. मी कोपऱ्याकडे बघितलं. बबी हसत नव्हती. तिनं डावा हात दप्तराखालून काढला होता आणि ती त्या हाताकडे बघत होती. तळव्याकडे, मग पालथा करून मागून. तिला आत्ता, या क्षणी, सगळ्यांदेखत कळत होतं की हा हात वर करून ती इतके दिवस काय सांगत होती. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मी बाजूला झाले, भिंतीला टेकले.

चिमणाबाई पुढे आली. "आपला कालचा पाठ," ती म्हणाली. "एखादं काम कसं करतात ते ऐकणाऱ्याला समजेल असं सांगायचं. आधी काय, मग काय. जे काम तुम्ही स्वतः करता, तेच सांगायचं. कोण सांगतं?"

एकदम हात वर आले नाहीत. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, कुणाचा वर जातो, कुणाचा नाही. मग एक आला. मग तीनचार. कुणी सायकलची साखळी कशी बसवतात ते सांगितलं, कुणी धाकट्या भावाला झोपवायचं कसं ते, आणि त्यात चिमटा काढायची पायरी आली तेव्हा सरही हसले. कोपऱ्यात काही नाही. हात पुन्हा दप्तराखाली. सरांनी घड्याळात बघितलं. माझ्या जिभेवर येत होतं, "बबी, अगं पँट कशी आखूड करतात ते सांग ना!" जीभ चावून धरली. पुष्कळ बोलले होते मी तिच्या वतीनं.

चिमणाबाई या वेळी हसली नाही. तिनं कोपऱ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा वर्गाकडे.

"आणखी कुणाला सांगायचंय?" ती म्हणाली. "कुठलाही हात चालेल."

दप्तर खाली पडल्याचा आवाज झाला. बबीनं हात वर केला. डावा. अर्ध्यात थांबला. मग तिनं दुसराही वर केला. दोन्ही हात, ताठ, बोटं छताला.

वर्ग फिदीफिदी हसला. "मुकीचे दोन्ही!" कुणीतरी म्हणालं.

"गप्प!" चिमणाबाई कडाडली. हो, कडाडली, सर दचकून सरळ बसले. "बोल गं."

बबी उभी राहिली. "पँट आखूड करायची असेल," ती म्हणाली, "तर आधी माणसाला बूट घालायला सांगायचं. नेहमीचे बूट. नाहीतर माप चुकतं. मग त्याला सरळ उभं राहायला सांगायचं आणि खाली बघू नका म्हणायचं. कारण माणूस खाली बघतो, आणि खाली बघितलं की पँट हलते. मग खडूनं खूण करायची. लगेच कापायचं नाही. आधी टाचायचं, परत घालून बघायला सांगायचं. कापलं की परत लांब करता येत नाही."

एक शब्द अडला नाही. मागच्या बाकावर सर उठले. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "राहू दे इथेच," आणि दाराबाहेर गेले.

मी रडत होते का हसत होते, मला माहीत नाही. जिंकल्यासारखं मात्र काही वाटलं नाही. कारण ते सगळं बोलून होईपर्यंत, बूट, खडू, टाचण्या, सगळं, त्या मुलीचे दोन्ही हात वरच होते. दंडाला रग लागून थरथरत होते, तरी वरच. पोलिसांनी पकडलेल्या माणसासारखे.

मी कोपऱ्यापर्यंत गेले. "छान सांगितलंस," मी म्हणाले. "आता हात खाली घे बाळा."

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग वर आपल्या हातांकडे.

"दोन्ही?" तिनं विचारलं.